लाँगस्ट्रीटला पुतळा का नव्हता?

अटलांटा शहराच्या पूर्वेला स्टोन माउंटन नावाचा ग्रॅनाइटचा एक उघडाबोडका डोंगर आहे. त्या भागातली मराठी कुटुंबंही सुटीच्या दिवशी पोराबाळांसकट तिथे जातात, वर चढून फोटो काढतात, खाली येऊन डबे सोडतात. डोंगराच्या एका कड्यावर तीन घोडेस्वार कोरलेले आहेत: जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि ‘स्टोनवॉल’ जॅक्सन. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष आणि त्याचे दोन सेनानी. हे काम १९२३ मध्ये सुरू झालं, मग वर्षानुवर्षं रखडलं आणि पुरं व्हायला १९७२ उजाडलं. तिघांतला एकही जॉर्जियाचा नाही. जॉर्जियात वाढलेला, जॉर्जियातच मेलेला आणि लीच्या हाताखालच्या सेनानींत सर्वांत ज्येष्ठ असलेला माणूस मात्र त्या कड्यावर कुठेच नाही. त्याची कबर गेन्सव्हिलला, गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. नाव जेम्स लाँगस्ट्रीट.

गेल्या दहा वर्षांत दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे एकामागून एक उतरवले गेले, तेव्हा एकच ओरड पुन्हा पुन्हा ऐकू आली: इतिहास पुसू नका. गुलामगिरीचं समर्थन आम्ही कुठे करतोय, पण ही माणसं शूर होती, आपापल्या राज्यासाठी लढली, त्या शौर्याची आठवण ठेवली तर बिघडलं कुठे? आपल्याकडच्या चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींनाही हे म्हणणं चटकन पटतं. मला पटत नाही, आणि त्याला कारण हा लाँगस्ट्रीट आहे. पुतळे शौर्यासाठी उभारले असते, तर दक्षिणेच्या शहराशहरांत तो घोड्यावर बसलेला दिसला असता. अमेरिकेच्या यादवी युद्धातली सर्वांत गाजलेली लढाई जिथे झाली, त्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर तेराशेहून जास्त स्मारकं आहेत. लीचा पुतळा तिथे १९१७ मध्ये आला. लाँगस्ट्रीटचा यायला १९९८ साल उजाडावं लागलं.

तो काही किरकोळ अधिकारी नव्हता. जन्म १८२१ चा, दक्षिण कॅरोलिनातला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८४२ मध्ये बाहेर पडला तो ५६ जणांत ५४ वा. पुस्तकात डोकं चाललं नाही, पण रणांगणावर चाललं. मेक्सिकोच्या युद्धात चापुल्टेपेकच्या किल्ल्यावर पलटणीचं निशाण घेऊन चढताना मांडीत गोळी लागली. हातातलं निशाण त्याने मागून येणाऱ्या जॉर्ज पिकेटकडे दिलं. वेस्ट पॉइंटमधला त्याचा जवळचा मित्र म्हणजे युलिसिस ग्रँट, जो पुढे उत्तरेचा सरसेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला. या मैत्रीला नातेसंबंधाचीही जोड होती, कारण ग्रँटची बायको लाँगस्ट्रीटच्या आईकडून नात्यातली. १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटलं आणि लाँगस्ट्रीटने अमेरिकेच्या सैन्याचा राजीनामा देऊन दक्षिणेची वाट धरली.

१८६२ च्या जानेवारीत दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये लाल तापाची साथ आली आणि आठवड्याभराच्या आत-बाहेर त्याची तीन मुलं गेली. पत्त्यांच्या डावात आणि गप्पांत रमणारा माणूस त्यानंतर मिटूनच गेला, असं त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या वर्षातल्या त्याच्या लढाया पाहिल्या, की हा किती थंड डोक्याचा पायदळी अधिकारी होता ते कळतं. ऑगस्टमध्ये मनॅससच्या दुसऱ्या लढाईत त्याने योग्य घटका येईपर्यंत हात राखला आणि मग सुमारे पंचवीस हजार माणसं एकदम शत्रूच्या बगलेवर घातली. सप्टेंबरमध्ये अँटिटमला त्याची टाच दुखावली होती, म्हणून तो पायात घरातल्या सपाता घालून फिरत होता. मधली फळी फुटायची वेळ आली, तोफेवरचे गोलंदाज पडले, तेव्हा त्याने आपल्या सोबतच्या अधिकाऱ्यांना तोफा चालवायला लावलं आणि स्वतः त्यांच्या घोड्यांचे लगाम धरून, गोळा कुठे पडतोय ते सांगत उभा राहिला. त्या संध्याकाळी लीने त्याला ‘माझा जुना लढाऊ घोडा’ म्हणून हाक मारली.

फ्रेडरिक्सबर्ग हा त्याचा खरा दिवस. १३ डिसेंबर १८६२. टेकडीच्या पायथ्याशी खोलगट रस्ता आणि त्याच्या कडेला दगडी गडगा. लाँगस्ट्रीटने त्या गडग्यामागे पायदळ बसवलं, वर टेकडीवर तोफा लावल्या आणि वाट पाहत राहिला. उत्तरेच्या ब्रिगेडमागून ब्रिगेड उघड्या मैदानातून चालून आल्या, पण एकही माणूस गडग्यापर्यंत पोहोचला नाही. दिवसअखेर उत्तरेचे सगळीकडचे मिळून साडेबारा हजारांहून जास्त ठार, जखमी, बेपत्ता. दक्षिणेचे साधारण पाच हजार. रायफल हाती आल्यावर समोरून चाल करणं म्हणजे माणसं फुकट घालवणं, हे त्याच्या मनात तिथे पक्कं बसलं. ज्या अर्थी शत्रूला आपल्यावर चाल करायला लावता येतं, त्या अर्थी आपण का मरायला जायचं?

गेटिसबर्गला नेमक्या याच मुद्द्यावर त्याचं आणि लीचं जमलं नाही. जुलै १८६३. शत्रू उंचवट्यावर बसला आहे, त्याला उजवीकडून वळसा घालून त्याच्या आणि वॉशिंग्टनच्या मध्ये जाऊन बसू, असं लाँगस्ट्रीटचं म्हणणं. लीला तिथेच, समोरच्या समोर वार करायचा होता. २ तारखेचा हल्ला दुपारी चारच्या सुमारास सुरू झाला आणि थोडक्यात हुकला. ३ तारखेला लीने साडेबारा हजारांच्या आसपास माणसं उघड्या शेतातून मधल्या फळीवर पाठवायचं ठरवलं. हे कुणाच्याच्याने होणार नाही, असं आपण लीला सांगितल्याचं लाँगस्ट्रीटने पुढे लिहिलं. शेवटी पिकेट हुकूम विचारायला आला, तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने नुसती मान हलवली. चापुल्टेपेकला ज्याच्या हाती निशाण दिलं तोच पिकेट. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले, जखमी झाले किंवा हाती लागले. परत आलेल्यांना सामोरा जाऊन ली म्हणाला, सगळी चूक माझी आहे. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण लीच्या भक्तांनीच ते पुढे सोयीस्करपणे गिळलं.

दोन-अडीच महिन्यांत चिकामॉगाला लाँगस्ट्रीटने शत्रूच्या फळीत ऐन वेळी पडलेल्या फटीतून असा घाव घातला, की उत्तरेची साधारण एक तृतीयांश फौज पळत सुटली. त्याची नॉक्सव्हिलची मोहीम मात्र फसली, आणि तेव्हा त्याने हाताखालच्यांवर खापर फोडलं; तो त्याचा दोषच. मे १८६४ मध्ये विल्डरनेसच्या जंगलात त्याच्याच माणसांनी धुरात ओळख न पटून गोळ्या झाडल्या. एक मानेत शिरून खांद्यातून गेली. उजवा हात कायमचा अधू झाला. तरी ऑक्टोबरमध्ये तो परत रुजू झाला आणि अ‍ॅपोमॅटॉक्सला ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा लीच्या सोबत होता.

युद्धानंतर तो माफी मागायला वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याला काय सांगितलं, ते त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे: दक्षिणेतल्या तिघांना माफी कधीच मिळणार नाही. डेव्हिस, ली आणि तुम्ही. म्हणजे जिंकलेल्यांच्या लेखी दक्षिणेचे बिनीचे तीन गुन्हेगार हे. स्टोन माउंटनच्या कड्यावर यातले पहिले दोन आहेत. तिसरा कुठे गेला, हाच तर प्रश्न आहे.

त्याचं उत्तर न्यू ऑर्लिन्समध्ये मिळतं. युद्ध संपल्यावर लाँगस्ट्रीट तिथे कापसाच्या आणि विम्याच्या धंद्यात पडला. १८६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हरलेल्या दक्षिणेची घडी नव्याने बसवणारे ‘पुनर्रचनेचे’ कायदे करून दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांना मताधिकार दिला. बाकीचे सेनानी दातओठ खात बसले असताना याने वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. आपण हरलो आहोत, हरलेल्याने कायदा मानावा, असा त्यांचा मथितार्थ. हे छापलंस तर संपशील, असं त्याच्या काकांनी त्याला बजावलं होतं. काकांचं म्हणणं खरं ठरलं. धंदा बसला, रस्त्यावर ओळख देणारे तोंड फिरवू लागले. तो रिपब्लिकन पक्षात गेला, म्हणजे लिंकनच्या पक्षात. ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने आपल्या जुन्या मित्राला न्यू ऑर्लिन्स बंदरात कस्टम्सची नोकरी दिली. पुढे लुइझियानाच्या राज्य मिलिशियाची, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या सशस्त्र दलाची, सूत्रंही लाँगस्ट्रीटकडे आली. त्या मिलिशियात बहुसंख्य शिपाई काळे होते आणि त्यांतले कित्येक कालपरवापर्यंत गुलाम होते.

१४ सप्टेंबर १८७४. निवडून आलेलं रिपब्लिकन सरकार उलथवण्यासाठी ‘व्हाइट लीग’ नावाची हत्यारबंद संघटना कॅनॉल स्ट्रीटवर उतरली. सुमारे पाच हजार गोरे, त्यांत लीच्या फौजेतले जुने सैनिक भरपूर. समोर शहराचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल आणि काळ्या मिलिशियाचे शिपाई. त्यांच्या पुढे घोड्यावर, अधू हाताचा, ५३ वर्षांचा लाँगस्ट्रीट. त्याची फळी मोडली. त्याला घोड्यावरून खाली ओढलं गेलं, जोर ओसरलेली एक गोळी लागली आणि तो कैद झाला. दोन्हीकडचे मिळून तीसच्या आसपास माणसं मेली. ग्रँटने फौज धाडली, तेव्हा कुठे तीन दिवसांनी सरकार परत आलं.

फ्रेडरिक्सबर्गच्या गडग्यामागे तो बंडखोरांचा सेनानी होता. कॅनॉल स्ट्रीटवर तो कायद्याने निवडून आलेल्या सरकारचा सेनानी होता. पुतळ्याला मुकला तो या दुसऱ्या दिवसामुळे. मुकला इतकंच नव्हे. ज्यांनी त्याला घोड्यावरून ओढलं, त्यांच्याच गौरवासाठी १८९१ मध्ये, तो जिवंत असताना, त्या जागी दगडी स्तंभ उभारला गेला. १९३२ मध्ये त्यावर मजकूर कोरला, की १८७६ च्या राष्ट्रीय निवडणुकीने दक्षिणेत गोऱ्यांचं वर्चस्व मान्य केलं. ‘वर्चस्व’ म्हणायलाही कुणाची जीभ अडखळली नाही. इतिहास पुसला जातोय म्हणणाऱ्यांनी आधी हा दगड वाचावा. तो २४ एप्रिल २०१७ रोजी पहाटेच्या अंधारात उतरवण्यात आला. काम करणाऱ्या मजुरांनी ओळख लपवायला तोंडं झाकली होती आणि भोवती पोलिसांचा पहारा होता. घटनेला १४३ वर्षं होत आली होती, तरी ही तऱ्हा.

आता कुणी म्हणेल, त्याच्यावरचा रोष राजकारणामुळे नव्हता. गेटिसबर्ग त्याच्यामुळे हरलं, म्हणून लोक चिडले. तारखा बघा. ली गेला ऑक्टोबर १८७० मध्ये. तो असेपर्यंत हा आरोप कुणी चारचौघांत केला नाही, आणि लीच्या स्वतःच्या अधिकृत अहवालातही तो नाही. जानेवारी १८७२ मध्ये, लीच्या जयंतीला, ज्युबल अर्ली नावाच्या त्याच्या एका जुन्या जनरलने भाषणात पहिल्यांदा सांगितलं, की २ जुलैला लाँगस्ट्रीटने उशीर केला. वर्षभराने तोफखान्याचा जुना प्रमुख विल्यम पेंडलटन, जो पाद्रीही होता, त्याने त्यात भर घातली: सूर्योदयालाच हल्ला करायचा लीचा हुकूम होता. लाँगस्ट्रीटने लीच्या खास कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना पत्रं घालून विचारलं. असा हुकूम आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. तरी आरोप टिकला, कारण तोवर तो लोकांना हवाहवासा झाला होता.

अर्लीची स्वतःची बाजूही बघण्यासारखी आहे. १ जुलैच्या संध्याकाळी गेटिसबर्गची मोक्याची टेकडी घेण्याची संधी होती, तेव्हा तिथे जवळ उभा असलेल्यांत हा अर्ली होता आणि टेकडी घेतली गेली नाही. पुढे शेनांडोआच्या खोऱ्यात त्याची फौज धुळीला मिळाली आणि १८६५ मध्ये लीनेच त्याला दूर केलं. अशा माणसाला खापर फोडायला डोकं हवंच होतं. काळ्यांच्या मिलिशियाचा सेनापती झालेल्या लाँगस्ट्रीटहून सोयीचं डोकं कुठलं मिळणार? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं मग हरलेल्या युद्धाचं झालं. दक्षिण गुलामीसाठी लढलीच नव्हती, ली कधी चुकलाच नव्हता, हरलो ते एका फितुरामुळे. ‘लॉस्ट कॉज’, म्हणजे हरलेला पण थोर लढा, म्हणून ओळखली जाणारी ही सगळी रचना लीला देव्हाऱ्यात बसवायची तर लाँगस्ट्रीटला उंबऱ्याबाहेर ठेवल्याशिवाय उभी राहत नव्हती. त्यानेही आपली बाजू चांगली मांडली नाही हे कबूल करायला हवं. चिडखोरपणे लेख लिहिले, लीवर नको तितकी टीका केली, आत्मचरित्र यायला १८९६ उजाडलं. तोवर निकाल लागून गेला होता.

बहुतेक पुतळे उभे राहिले ते १८९० ते १९२० या काळात, म्हणजे काळ्यांचा मताधिकार हिरावून घेणारे आणि रेल्वे-शाळा-पाणवठे वेगळे करणारे कायदे दक्षिणेत होत होते तेव्हा. लाँगस्ट्रीट शिपाई म्हणून त्या रांगेत सहज बसला असता. पण तिथे बसण्याची अट १८७४ मध्ये कोण कुठल्या बाजूला उभा होता ही होती.

मग आता लीला उतरवून त्या चौथऱ्यावर लाँगस्ट्रीटला चढवावं का? अलीकडे तशी सूचना करणारेही आहेत. दक्षिणेला ‘चांगला’ सेनानी मिळेल, असं त्यांना वाटतं. मला हे मुळीच मान्य नाही. १ जुलै १८६३ रोजी लाँगस्ट्रीटच्या कचेरीतून पिकेटला हुकूम गेला. मोक्सली सॉरेल या त्याच्या सहायकाच्या सहीच्या त्या कागदात, चालण्याच्या वाटा आणि तुकड्यांच्या नेमणुकांनंतर, एक ओळ आहे: पकडलेले ‘काँट्रबँड’ सोबत घेऊन यावेत, पुढच्या विल्हेवाटीसाठी. काँट्रबँड म्हणजे काळी माणसं. दक्षिणेच्या फौजेने पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर घराघरांतून, शेतांतून माणसं उचलली आणि गुलाम म्हणून दक्षिणेला नेली. त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. ही ओळ गाळून लाँगस्ट्रीटचं चरित्र सांगणारा माणूस अर्लीचंच काम उलट्या बाजूने करतो. शिवाय १८६७ च्या त्याच्या पत्रांत समतेचा गहिवर नव्हता. गोऱ्यांनी सहकार्य केलं तर काळ्यांच्या मतांवर आपला वचक राहील, नाही तर सगळं आपल्याशिवायच होईल, असा हिशेब त्यात स्पष्ट होता. हिशेबाने सुरू झालेल्या गोष्टीत तो पुढे अंगावर गोळी घेण्याइतका उतरला, एवढंच त्याच्या पदरात टाकता येतं. ते कमी नाही. पण पुतळ्याइतकंही नाही.

मराठी वाचकाला या काळाशी जोडणारा एक धागा आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी त्याग केला होता. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी बाळगली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या जमावाने कमीत कमी साठ, कदाचित दीडशे काळ्यांना मारलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना ते शरण आल्यावर मारलं. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या आरोपींच्या शिक्षा रद्द ठरवल्या. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभी असलेली फौज मागे घेतली गेली. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या विजयाला सलाम केला, तो त्याच वेळी गल्लीबोळांत हिसकावून घेतला जात होता. आणि त्या सज्जनांविरुद्ध चार वर्षं लढलेला एक सेनानी, काय विचित्र योग आहे पाहा, त्यांच्या कायद्याचं निशाण धरून शेवटच्या शेवटच्या फळीत उभा होता. शाळेत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण अभिमानाने शिकवतो. अमेरिकेत पुढे काय झालं ते शिकवत नाही, आणि मग पुतळ्यांची बातमी आली की आपल्यालाही ती इतिहास पुसल्याची वाटते.

पुतळ्यांसारखीच नावांचीही गोष्ट. अमेरिकेच्या सैन्याचे दहा तळ दक्षिणेच्या सेनानींच्या नावाने होते. त्यांत पिकेट होता, हुड होता, बेनिंग होता. तिघेही लाँगस्ट्रीटच्या कोअरमधले, त्याच्या हाताखालचे. ब्रॅग होता, ज्याचा एकुलता एक मोठा विजय म्हणजे चिकामॉगा, आणि तो कुणी मिळवून दिला ते वर आलंच आहे. त्यांचा वरिष्ठ मात्र नव्हता. काँग्रेसच्या कायद्यामुळे २०२३ मध्ये यातली नऊ नावं बदलली गेली. २०२५ मध्ये ती परत आली, पण कायद्याला बगल देऊन: त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधून काढले, आणि तळ आता त्यांच्या नावाने आहेत असं जाहीर केलं. फोर्ट ली आता सरकारी कागदावर फिट्झ ली या शिपायाच्या नावाने आहे. स्पेनविरुद्धच्या युद्धात शौर्याचं सर्वोच्च पदक मिळवलेला हा काळा घोडदळ सैनिक. माणूस गौरवाला शंभर टक्के पात्र. पण फाटकावरच्या पाटीवर त्याचं पहिलं नाव का नाही? सरकारला खरोखर त्याचाच गौरव करायचा असेल, तर दोन अक्षरं जास्त रंगवायला किती खर्च येतो? फोर्ट फिट्झ ली लिहा. ते लिहिलं जात नाही तोवर ती पाटी कुणासाठी लावली आहे, हे व्हर्जिनियातल्या शाळकरी पोरालाही कळतं.